फडावरची ‘अडचण’

(ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर सुरू होण्यापूर्वी बीड जिल्ह्यातील आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, महिला बचत गटांच्या प्रतिनिधी व तोडणी मुकादम यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण.)



या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. माझा व्यवहार काय तो शब्दांशी. म्हणून शब्दापासूनच प्रारंभ करतो, आणि तो करताना माझ्या हातून घडलेली एक चूकही आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी ऊसतोड स्त्रियांच्या आरोग्य तपासणीचे एक शिबिर झाले. त्याचे वृत्त मी तयार केले. उद्घाटन कोणी केले, दीपप्रज्वलन कोणी केले, आभार कोणी मानले, हे सारे त्यात यथास्थित होते. स्त्रियांच्या तक्रारींविषयी मात्र “महिलांच्या आरोग्यविषयक विविध समस्यांचे निराकरण करण्यात आले” एवढे एकच वाक्य लिहून मी मोकळा झालो. वृत्त छापून आले. दोन दिवसांनी एक आशाताई त्याचे कात्रण घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, शिबिरात निम्म्या बाया पाळीच्या तक्रारी घेऊन आल्या होत्या. तुमच्या बातमीत पाळी कुठं आहे?” मजजवळ उत्तर नव्हते. तो शब्द लिहिण्यास मला कोणी मनाई केलेली नव्हती. मलाच संकोच वाटला होता.

आपल्या भाषेत या गोष्टीला नावे पुष्कळ आहेत. ‘अडचण आली’, ‘बाहेर बसली’, ‘कावळा शिवला’, ‘विटाळ झाला’. या साऱ्यांत काहीतरी बिघडल्याचा, दूर सारल्याचा सूर आहे. त्यांतून एकच शब्द निर्दोष राहतो आणि तो म्हणजे ‘पाळी’. रहाटाची पाळी, पाण्याची पाळी, तशी ही शरीराची पाळी. ठरल्या वेळी यावयाची आणि ठरल्या दिवसांनी जावयाची. विटाळ कोणाचा आणि कशाचा, हा प्रश्न चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी आपल्या अभंगांतून विचारला. पुढे १९२७ मध्ये र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि शरीरासंबंधीच्या गोष्टी मराठीत उघडपणे व शास्त्रीय पायावर लिहिल्या. त्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरीही चढावी लागली. इतके सगळे होऊनही माझ्यासारखा माणूस सरकारी वृत्तात तो शब्द लिहिताना चाचरतो, तेव्हा दोष भाषेकडे नसून आमच्याकडे आहे, हे कबूल केले पाहिजे.

उणीव नेमकी कशाची?

अलीकडे ‘मासिक पाळीचे दारिद्र्य’ असा एक शब्दप्रयोग रूढ होऊ लागला आहे. पाळीच्या दिवसांत स्वच्छ राहण्यासाठी जे लागते ते विकत घेण्याची ऐपत नसणे, असा त्याचा अर्थ बहुधा केला जातो. स्कॉटलंडच्या संसदेने या दारिद्र्याविरुद्ध २०२० मध्ये एकमताने विधेयक संमत केले आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे गरजू व्यक्तीला ही साधने विनामूल्य मिळवून देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. आपल्याकडेही या दिशेने पावले पडली आहेत. २०११ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून आशा कार्यकर्त्यांच्या हस्ते सहा रुपयांत सहा नॅपकिनचे पाकीट ग्रामीण किशोरींना देण्यास आरंभ झाला. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजनेचा शुभारंभ होऊन जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ नॅपकिन देण्याची व्यवस्था करण्यात आली. त्याच वर्षी जुलै महिन्यात नॅपकिनवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. जनऔषधी केंद्रांतील ‘सुविधा’ नॅपकिनची किंमत ऑगस्ट २०१९ मध्ये नगास एक रुपया अशी करण्यात आली.

या प्रयत्नांचे फळ दिसत नाही असे कोणी म्हणू नये. पंधरा ते चोवीस या वयोगटातील ज्या स्त्रिया पाळीच्या दिवसांत आरोग्यदृष्ट्या योग्य साधन वापरतात त्यांचे देशातील प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ७७ टक्क्यांवर गेले. ग्रामीण भागाचा आकडा मात्र ७२ आणि शहरांचा ८९, हे अंतर ध्यानात ठेवावे.

‘अस्मिता’ योजनेतील एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटली, आणि ती किमतीची नव्हे. विक्रीचे काम बचत गटांतील बायांकडे देण्यात आले होते. गावातल्या दुकानावर चार पुरुष उभे असताना मुलीने वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाकीट मागावयाचे आणि दुकानदाराने ते चोरीच्या मालासारखे काळ्या पिशवीत घालून द्यावयाचे, हा देखावा आपण सर्वांनी पाहिला आहे. गटातल्या ताईच्या घरी मुलगी उंबरा ओलांडून सहज जाते. वस्तू तीच, पण हात ओळखीचा असला म्हणजे ती घेणे सोपे होते.

तथापि, केवळ वस्तू पोहोचली म्हणजे दारिद्र्य सरले, असे समजण्यात मोठी फसगत आहे. स्कॉटलंडमध्ये घरोघरी नळ आहे आणि दाराला कडी असलेले न्हाणीघर आहे. तेथे उणीव उरते ती वस्तूची. आपल्याकडे, निदान आज ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्यांच्या बाबतीत, उणीव आधी पाण्याची, मग आडोशाची, मग विसाव्याची आणि त्यानंतर वस्तूची आहे. हा क्रम उलटा धरला तर हाती काय लागते हे मी पाहिले आहे. एका फडावर गेलो असता नॅपकिनची न फोडलेली पाकिटे कोपीच्या वाशाला टांगलेली दिसली. विचारले, तर एक बाई म्हणाली, “ते बदलायचं कुठं, अन् टाकायचं कुठं?”

कोयता, उचल आणि खाडा

या सभागृहात बसलेल्यांना ऊसतोडणी काय असते हे मी सांगणे म्हणजे पाटलाला त्याच्याच गावाची शीव दाखविण्यासारखे आहे. परंतु हे भाषण छापले जाणार आहे आणि ज्यांच्या चहातली साखर या श्रमांतून येते त्यांपैकी अनेकांना ते ठाऊक नाही. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून, दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पाच-सहा महिने मुक्काम फडावर. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि हिशेब होतो तोही कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. ही भाषा कोणी मुद्दाम दुष्टपणाने घडविली असे मी म्हणत नाही. पण तिच्यात बाई स्वतंत्रपणे मोजलीच जात नाही, हे खरे. तिच्या श्रमाची नोंद नवऱ्याच्या नावाखाली. ती काम करीत असते तोपर्यंत हिशेबात दिसत नाही. ती बसली की मात्र लगेच दिसते, कारण मग कोयता अर्धा होतो आणि ‘खाडा’ पडतो. खाड्याचे पैसे कापले जातात. काही ठिकाणी मजुरीहूनही अधिक दंड लावला गेल्याचे आपणच मला सांगितले आहे.

आता तिचा दिवस पाहा. पहाटे तीन-चारला उठणे. स्वयंपाक उरकून अंधारातच फडात उतरणे. नवरा ऊस तोडतो, ती वाढे छाटते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. गाडी रात्री आली तर रात्रीही भरावी लागते. राहावयास कोपी, ज्यात ताठ उभे राहता येत नाही. आंघोळ उजाडण्यापूर्वी किंवा अंधार पडल्यावर, चार काठ्यांना लावलेल्या जुन्या लुगड्याच्या आडोशाला, आणि तीही पाणी मिळाले तर. पाणी कालव्याचे, नाही तर शेतमालकाच्या विहिरीचे, तेही त्याची मोटार चालू असेल तेव्हा.

अशा स्थितीत तिची पाळी येते. कापड दिवसभर बदलता येत नाही, कारण उघड्या रानात चहूकडे पुरुष. घाम, उसाच्या पाचटाची खाज आणि ओले कापड यांनी मांड्या सोलवटतात. रात्री ते कापड थोडक्या पाण्यात, अनेकदा साबणावाचून धुवावयाचे आणि कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालावयाचे. उन्हाचा स्पर्श त्याला होत नाही. दमट राहिलेले तेच कापड पुन्हा वापरले जाते. मग खाज, मग अंगावरून पांढरे जाणे, मग ओटीपोटात व कमरेत दुखणे. डोक्यावरचे ओझे त्यात भर घालते. फडावरून दवाखान्यात जावे तर खाडा. म्हणून हंगाम संपेपर्यंत अंगावर काढावयाचे.

गावी परतल्यावर ती एखाद्या खासगी दवाखान्यात जाते. तेथे काही ठिकाणी तिला सांगण्यात येते की पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कर्करोग होईल. ‘कर्करोग’ हा शब्द ऐकल्यावर विचार करण्याची शक्ती कोणाची उरते? त्यात तिच्या मनात दुसराही एक हिशेब चालू असतो. मुले झाली आहेत, पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला. शस्त्रक्रियेसाठी पैसे कोठून आणावयाचे? पुढच्या हंगामाची उचल. म्हणजे निसर्गाने दिलेल्या एका साध्या पाळीचे रूपांतर, पाहता पाहता, कर्जात झाले.

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत हा प्रश्न आला तेव्हा बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याची माहिती देण्यात आली. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या निमित्ताने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा स्त्रियांमागे जवळजवळ एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात शेकडा ३.२ होते. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे विधान करणे अन्यायाचे होईल. काही स्त्रियांना ती खरोखरीच आवश्यक असते आणि ती वेळेवर केल्याने जीव वाचतो. परंतु एवढ्या मोठ्या अंतराचे कारण बीडच्या बायांच्या शरीरात शोधणे व्यर्थ आहे. ते फडावर शोधले पाहिजे.

खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घ्यावी, असा दंडक या जिल्ह्यात २०१९ मध्ये घालण्यात आला. त्याचा उपयोग आहेच. पण दंडक हा शेवटच्या पायरीवरचा पहारा असतो. बाई तिथवर चालत आली ती ज्या वाटेने, त्या वाटेवरचे काटे काढणे हे जिल्हा शल्यचिकित्सकांचे काम नव्हे. ते तुमचे आणि आमचे आहे.

न्हाणी आणि मुकादमाची वही

प्रथम पाण्याची आणि आडोशाची गोष्ट घेऊ, कारण ती सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष झाले आहे. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीला एक न्हाणी पुरते. चार बांबू, ताडपत्री किंवा बारदान, आत दोन फरशा किंवा सपाट दगड, एक झाकणाचे पिंप आणि सांडपाण्याला चर. याला शासन निर्णय लागत नाही. कोपी उभारण्यासाठी जी दुपार जाते तिच्यातच पुरुषमंडळींनी आणखी दोन तास दिले तर न्हाणी उभी राहते. फड बदलला की बांबू आणि ताडपत्री गाडीत टाकून पुढे नेता येतात. मुकादम बंधूंनो, उचल देताना आपण कोयते, भांडी, ताडपत्री यांचा हिशेब धरता. त्यात एका ताडपत्रीची आणि एका पिंपाची भर घाला, एवढीच विनंती आहे. शेतमालकाशी पाण्याचे आधी बोलून ठेवणेही आपल्यालाच शक्य आहे. बाई परक्या गावात कोणाच्या विहिरीवर जाऊन काय बोलणार?

न्हाणीच्या मागे, उन्हाच्या बाजूला, कापड वाळविण्याची दोरी बांधावी. हे वाक्य उच्चारताना काही माना खाली गेल्या, ते मला दिसले. माझीही पूर्वी गेली असती. पण कापडाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नॅपकिनच्या जाहिराती पाहून कापड वापरणे म्हणजे मागासलेपणा, अशी भावना मुलींत वाढत आहे. २०१९-२१ च्या पाहणीनुसार पंधरा ते चोवीस वयोगटातील निम्म्या मुली आजही कापड वापरतात. काही जणी कापड आणि नॅपकिन दोन्ही वापरतात. कापड वाईट नाही. सुती, स्वच्छ, साबणाने धुतलेले आणि कडक उन्हात वाळविलेले कापड आरोग्याला चालते, आणि ते टाकून द्यावे लागत नाही म्हणून रानालाही चालते. वाईट आहे ते लपवून वाळविलेले कापड. कापड असो वा नॅपकिन, चार ते सहा तासांनी तो बदलला पाहिजे. त्यासाठी पुन्हा आडोसा हवा. म्हणूनच मी न्हाणीपासून सुरुवात केली.

ज्या भगिनी नॅपकिन वापरतात त्यांनी ते कालव्यात टाकू नयेत आणि पाचटाबरोबर पेटवूनही देऊ नयेत. त्यात प्लॅस्टिक असते. पाण्यापासून दूर, खोल खड्डा खणून त्यात ते पुरणे फडावर त्यातल्या त्यात बरे. शहरांत हाच कचरा वेचताना दुसऱ्या गरीब बायांचे हात त्यात पडतात, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. पुण्याच्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील स्त्रियांनी २०१३ मध्ये वापरलेले नॅपकिन गोळा करून ते बनविणाऱ्या कंपन्यांकडे परत धाडले. नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असा आग्रह त्यांनी घरोघरी धरला. त्यांच्यासारख्यांच्या आवाजामुळेच २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी नॅपकिनबरोबर गुंडाळण्याचे वेष्टन द्यावे, अशी तरतूद झाली. विटाळ मानला गेलेला माल ज्यांच्या हाती आला त्यांनीच त्याला वाचा फोडली.

आता खाड्याची गोष्ट. माझ्या दृष्टीने आजच्या मेळाव्यातला सर्वांत कठीण विषय हाच आहे, आणि मुकादम बंधू मागच्या रांगेत का बसले आहेत हे मी जाणतो. कोणालाही खलनायक ठरविण्यासाठी आपल्याला बोलाविलेले नाही. आपणही कारखान्याची उचल अंगावर घेतलेली असते. टोळी पळाली तर बुडणारा पैसा आपला असतो. तथापि व्यवहाराच्याच भाषेत बोलू. पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी बाईला मोळी वाहण्याऐवजी वाढे छाटण्याचे किंवा मोळी बांधण्याचे हलके काम दिले तर टोळीचे टन किती घटतील? शेजारच्या कोयत्यातील बाईने त्या दिवशी तिच्या मोळ्या उचलल्या आणि पुढे तिने याची परतफेड केली तर काहीच घटणार नाही. शेतीत ‘सावड’ आपल्याला नवी नाही. पेरणीला, सुगीला आपण एकमेकांच्या रानात राबत आलो आहोत. तीच सावड फडावर या दोन दिवसांसाठी लावावयाची आहे. टोळीतल्या बायांनी ती आपापसांत ठरवावी. मुकादमाने आपल्या वहीत केवळ एक गोष्ट करावी: त्या दिवसांचा खाडा लिहू नये. आणि बाईला अगदीच उठवत नसेल तर तो एक दिवस रजेचा समजावा.

हंगामाच्या मध्यावर आजारी पडलेला कोयता मुकादमाला किती महाग पडतो, याचा हिशेब आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगला येतो.

विसावा या शब्दावरून गडचिरोली आठवते. तेथील माडिया गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी गावाबाहेरच्या ‘कुर्माघरात’ राहावयाचे, अशी प्रथा आहे. मोडकळीस आलेली, दार नसलेली, अंधारी झोपडी. ती सर्वांची म्हणून कोणाचीच नाही, त्यामुळे दुरुस्ती कोणी करावयाची नाही. २०२१ च्या सुमारास मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने गावाला सोबत घेऊन तेथे पक्की खोली, पलंग, शौचालय, पाणी आणि सौर दिवा असलेली घरे बांधण्यास आरंभ केला. प्रथा मोडण्याऐवजी तिला पक्के घर बांधून दिले, असा आक्षेप काहींनी घेतला. आक्षेप चुकीचा नाही. बाईला घराबाहेर बसविणे मला मान्य नाही आणि कोणाला मान्य असू नये. पण प्रथा सुटेपर्यंत त्या झोपडीत साप चावून किंवा अतिस्रावाने एखादीचा जीव जाऊ द्यावयाचा काय, या प्रश्नाला आक्षेप घेणाऱ्यांकडे उत्तर नव्हते. मला त्यात विरोधाभास जाणवतो तो वेगळाच. तेथे बाईला बळाने विसावा आणि त्याच्यासोबत अपमान. येथे फडावर शिवाशिव पाळायला कोणाला सवड नाही, म्हणून अपमान थोडा कमी, पण विसावाही नाही. विसावा असावा आणि अपमान नसावा, एवढी साधी गोष्ट दोन्हीकडे मागावी लागते.

आशाताईंसाठी थोडे

आशाताई आणि अंगणवाडी ताई, तुमच्या अंगावर कामे किती आहेत याची मला कल्पना आहे, आणि प्रत्येक वक्ता त्यांत एक वाढवून जातो हेही ठाऊक आहे. म्हणून नवे काम सांगत नाही. हंगामापूर्वी व हंगामानंतर ज्या तपासण्या होतात त्या वेळी चार वाक्ये तेवढी आठवणीने सांगा. पांढरे जाणे हा बहुतेक वेळा औषधाने बरा होणारा विकार आहे आणि त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. कर्करोगाची भीती कोणी घातली तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सौम्य आम्लाचे द्रावण लावून ती काही मिनिटांत होते. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत सरकारी रुग्णालयात विनामूल्य घ्यावे. आणि पिशवी काढली म्हणजे प्रश्न मिटत नाही. तिच्याबरोबर अंडकोश काढले गेले तर तिशी-पस्तिशीतच शरीर पन्नाशीचे होते, अंगाची लाही होते, हाडे ठिसूळ होत जातात. मोळी उचलण्यासाठी पिशवी काढावी आणि त्यामुळे मोळी उचलण्याची शक्तीच जावी, असा हा उलटा सौदा आहे.

रक्ताविषयीही बोला. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या फडावर जाताना गाठोड्यात बांधून द्या, आणि त्या चहाबरोबर घेऊ नयेत हे सांगावयास विसरू नका.

बचत गटांच्या भगिनींना एक सूचना. टोळी निघण्यापूर्वी गटातर्फे प्रत्येक बाईसाठी एक लहान पिशवी तयार करता येईल. तीत चार सुती घड्या, एक साबणाची वडी, आतील दोन वस्त्रे, थोडे नॅपकिन आणि तुमच्या गावच्या आशाताईंचा दूरध्वनी क्रमांक. कापड गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाया शिवतील, नॅपकिन जनऔषधी केंद्रातून एक रुपया दराने घेता येतील. टोळीतल्या वयाने मोठ्या अशा एका बाईकडे दोन-तीन पिशव्या जादा द्याव्यात. फडावर असताना ज्या मुलीला पहिल्यांदाच पाळी येईल तिच्यासाठी त्या आहेत. अशी मुलगी दरवर्षी एखाद्या तरी टोळीत असतेच, आणि तिची आई त्या घटकेला गाडीवर मोळी चढवीत असते.

एक विनंती माझ्या स्वतःच्या खात्यासंबंधीही करतो. या पिशव्या वाटताना छायाचित्रकाराला बोलावू नका. पाकीट स्वीकारणाऱ्या, पदराआड तोंड लपविणाऱ्या मुलींची छायाचित्रे मी पुष्कळ प्रसिद्ध केली आहेत. त्यांतल्या एकीनेही कॅमेऱ्याकडे पाहिलेले नाही. न्हाणीचे छायाचित्र काढा, दोरीचे काढा. ते मी आनंदाने छापीन, आणि या वेळी मथळ्यात ‘पाळी’ हा शब्दही घालीन.

बाहेरच्या ओट्यावर दोन टेबले मांडली आहेत. उजवीकडच्या टेबलावर परिचारिका भगिनी तपासणीसाठी नावे लिहून घेत आहेत. त्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत थांबणार आहेत. डावीकडच्या टेबलावर एक कोरी वही आहे. ज्या मुकादम बंधूंना आपल्या टोळीसाठी ताडपत्री, पिंप आणि त्या दोन दिवसांचा खाडा न धरण्याची गोष्ट मान्य असेल त्यांनी तीत आपले नाव, गाव आणि टोळीतील कोयत्यांची संख्या लिहावी. कोयत्यांच्या संख्येशेजारी एक रकाना अधिक आखला आहे. त्यात टोळीतील बायांची संख्या वेगळी लिहावयाची आहे.